त्याच सुईचा देव

"नुसतं हो म्हणा महाराज, जीप उभीच हाये," सत्यशीला म्हणाली आणि तिनं नारळ रूपसिंगच्या पायाशी ठेवला.

मंगळवार होता. ढाणकीच्या वाटेवरच्या तांड्यात देवळाचा ओटा माणसांनी भरला होता आणि मधोमध सतरंजीवर रूपसिंग बसला होता. आता हा रूपसिंग काही जन्माचा भगत नव्हे. पोळ्याच्या आधीपर्यंत तो चांगला पाठीवर पंप बांधून लोकांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करत होता. औंदा बोंडअळीनं ताळतंत्र सोडलं, औषधंही तशीच जालीम आली, आणि फवारता फवारता विष नाकातोंडात जाऊन माणसं पटापट आडवी झाली. त्यात हाही पडला. यवतमाळच्या दवाखान्यात खाटेवर असताना त्याला त्याची मेलेली याडी दिसली. आईनं कपाळावर हात ठेवला, "ऊठ" म्हणाली, आणि हा उठला. बस्स! एवढं ऐकायचा अवकाश, तांड्याचा नायक हिरासिंग यानं त्याला ओट्यावर नेऊन बसवला. तेव्हापासून दर मंगळवारी लोक सवाल घेऊन येत. कुणाची सोयरीक, कुणाची हरवलेली म्हैस. रूपसिंग बेताबेतानं उत्तरं देई. कुणाचं वाईट होत नव्हतं, मान मिळत होता. तो कुणाला नको असतो?

पण आजचा सवाल म्हशीचा नव्हता. सत्यशीलाचा नवरा उकंडा त्याच दवाखान्यात पडला होता, तसल्याच फवारणीनं.

"परवापासून बरळून राह्यले जी," ती म्हणाली. "छताशी बोलतात, हवेत हात मारतात. मले ओळखत नाहीत. दवाखान्यातल्याइनं हात बांधून ठेवले. दीर म्हणतात, हे बाहेरचं हाये, हे काही डाक्टरच्यानं निघत नाई. सुट्टी घ्या अन् तुमच्या पायाशी आणून टाका. आणू ना?"

"आण, आण," हिरासिंगनं परस्पर मान डोलावली. "आमच्या रूपसिंगवर देवाची नजर हाये."

दवाखान्यातून निघताना सिस्टर रूपसिंगला हसत म्हणाली होती, "विष उतरवायचं इंजेक्शन असतं ना काका, त्यानं माणसाला नसलेलंही दिसतं. तुम्हीपण छताशी गप्पा मारत होतात." हे त्यानं आजवर कुणापाशी काढलं नव्हतं. काढायचं तरी कशाला? आईचा हात त्याला कपाळावर लागला होता, तोच खरबरीत हात. सुईनं असा हात तयार होतो? होत असेल. नसेलही. आपण पाहिलं ते आपल्यापुरतं, दुसऱ्याला आपल्या डोक्यात नेऊन थोडंच दाखवता येतं! पण इथं एका जित्या माणसाची सलाईन उपटून त्याला जीपमध्ये घालायचं निघालं होतं, आणि तेही त्याच्या याडीच्या भरवशावर.

"बाई," तो म्हणाला, "त्याइले हलवू नका."

"काहून?"

"मीही असाच बरळत होतो. माहेही हात बांधले होते. सुई तीच. मले दिसलं त्याले तुमी देव म्हणता, अन् त्याइले दिसून राह्यलं त्याले भूत. असं कसं?"

हिरासिंग उसळलाच. "अबे, काय बोलून राह्यला तू? म्हणजे तुले याडी दिसलीच नाई?"

"दिसली. कशानं दिसली ते मले मालूम नाई." रूपसिंग म्हणाला. "सुई चालू होती म्हणून मी आज ओट्यावर हाये, एवढं मालूम हाये. काढली असती तं भिंतीवर फोटोत असतो."

सत्यशीलाला रडू फुटलं. "मंग मी करू काय? तिथं मी एकटीच बसून राहते. ते कोणाशी बोलतात, काय पाहतात, काही समजत नाई. मले भेव वाटते जी."

रूपसिंग उठला आणि ओट्याखाली चपला शोधू लागला.

"चाला. जीप उभीच हाये म्हणता ना?"

"अन् हे लोक? याइचे सवाल?" हिरासिंग मागून ओरडला.

"तू बस ना ओट्यावर."

वॉर्डात उकंडा खाटेला बांधलेला होता, ओठ कोरडेठाक, डोळे टक्क उघडे. सिस्टर म्हणाली, कालच्यापेक्षा बरे आहेत, बोलू द्या त्यांना, फक्त कुणाला सलाईन काढू देऊ नका. रूपसिंग खाटेच्या कडेला टेकला आणि त्यानं उकंडाच्या हातावर आपला हात ठेवला. सत्यशीला पायाशी उभी राहिली.

उकंडा छताकडे पाहून एकदम हसला.

"काय दिसते गा?" रूपसिंगनं विचारलं.

"फुटला ना कापूस! सारं छत पांढरंफेक झालं. अळी नाई, एक बोंड सडलं नाई. तुले दिसते का?"

रूपसिंगनं वर पाहिलं. पंखा होता आणि ओलीचे डाग. हो म्हणून टाकणं सोपं होतं, पोळ्यापासून त्याचं तेच तर चाललं होतं.

"नाई दिसत भाऊ," तो म्हणाला.

उकंडानं मान वळवली आणि परवापासून पहिल्यांदा छत सोडून एका माणसाच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाई दिसत?" तो म्हणाला. "मंग बस इथं. मी पाहतो अन् तुले सांगतो."