यंत्राला नावं लागत नाहीत

यंत्र आज पाहुण्यांसमोर सुरळीत चाललं, तर गटप्रमुखाची खुर्ची त्याची, खिडकीजवळचं टेबल त्याचं, आणि सासऱ्यांच्या ‘अजून तिथेच का?’ या प्रश्नाचं उत्तरही त्याच्या खिशात. नाही चाललं, तर हे सगळं गटातल्या सर्वांत जुन्या ताईंचं. सासरे वगळून.

आणि यंत्राने ऐन वेळी दगा दिला. कपडे धुण्याचं यंत्र ते. आत पाणी असतानाच दार उघडलं आणि सगळा फेस खरेदीदार बाईंच्या बुटांवर आला. मालकांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग ताईंकडे.

चूक कुणाची, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पाणी ओसरेपर्यंत दार धरून ठेवणारा प्रोग्रॅमचा भाग त्याचाच होता. काल ताई घरी गेल्यावर, यंत्र जरा चपळ दिसावं म्हणून, त्यानेच त्यातली थांबायची वेळ छाटली होती.

चाचणीच्या पडद्यावर यंत्र कुठे अडलं ते उमटलं: ‘थेरडी_थांब’.

हे बारसंही त्याचंच. ताई दहादा तपासणाऱ्या, ‘थांब रे, बघू दे आधी’ म्हणणाऱ्या. म्हणून वाट बघणाऱ्या भागाला त्याने त्यांचं नाव बहाल केलं होतं. तो प्रोग्रॅम लिहायचा माणसाला वाचता येईल अशा वरच्या भाषेत. कंपायलर नावाचा दुभाष्या त्याचे यंत्राला कळणारे आकडे करायचा, आणि ताई ते खालचे आकडे तपासायच्या. या उलथापालथीत नावं गळून पडतात. यंत्राला पत्ता पुरतो, नावाशी त्याला काय देणंघेणं! हे त्याला ताईंनीच शिकवलं होतं. शिकवणीचं इतकं चोख चीज क्वचितच कुणी केलं असेल. फक्त चाचणीच्या प्रतीत, चूक सापडावी म्हणून, नावं शेजारी जपून ठेवतात. गडबडीत त्याने आज तीच प्रत यंत्रात भरली होती.

“ही थेरडी कोण?” बूट झटकत बाईंनी विचारलं.

“मीच की,” ताई म्हणाल्या. “दुसरं कोण आहे इथे या वयाचं?”

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

“म्हणजे हा भाग तुमचा?”

ताई फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिल्या. एक वाक्य पुरलं असतं: नाव मीच ठेवलं, चूकही माझीच. पण त्या वाक्याची किंमत खुर्ची होती.  तो कीबोर्डच्या फटीतली धूळ बघत बसला.

मालकांनी दोघांच्या गप्प बसण्याचा आपल्यापुरता हिशोब केला. “ताई, तुम्ही आता जुन्या यंत्रांच्या तक्रारी सांभाळा. ही दगदग नको.”

“बरं,” ताई म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर त्या फडकं घेऊन फरशी पुसायला बसल्या. तोही वाकला. 

“ताई, ते नाव... मला वाटलं, तुमच्यापर्यंत पोचतच नसेल.”

“अरे, चूक शोधायची तर नावांचीच प्रत उघडावी लागते. वर्षभर वाचतेय.”

“मग बोलला का नाहीत?”

ताईंनी फडकं बादलीत पिळलं. “तो भाग फार सुरेख लिहिला होतास. म्हटलं, पोरगं काम चांगलं करतंय, नावाचं काय घेऊन बसायचं!”

त्याने बादली उचलली आणि ओतायला नेली.

संध्याकाळी खुर्ची त्याच्याकडे आली. सासरे खूश झाले. मालकांचं गिऱ्हाईक टिकलं, बाईंना नवे बूट मिळाले. कुणाचंच काही बुडालं नाही. सगळी किंमत एकट्या ताईंनी भरली, आणि ती भरायला त्यांनी सुरुवात आज केली नव्हती.