शेजारची जागा

टीव्हीवरचा जाणकार सांगत होता की, दहशतवादी संघटनांना आता ना तळ लागतो ना पुढारी, घरात बसलेला एखादा माणूसही पुरतो. तिने आवाज बंद केला. बाल्कनीत नवरा फोनवर बोलत होता आणि तिला ते ऐकायचं होतं.

एक शब्द कळेल तर शपथ. पण गडी हसत होता. तिच्याशी बोलताना कधी असा हसला होता? हल्ली रोज दाढी काय करतो, जेवताना फोन पालथा काय ठेवतो, बेकरीची डिलिव्हरीची गाडी स्वतः धुतो काय! कुणासाठी? तिचा नुसता जळफळाट होत होता.

तो अंघोळीला गेला तसा तिने फोन उचलला. शेवटचा निरोप एका पुरुषाचा होता.

"भाऊ, आपण कधी भेटलो नाही, भेटणारही नाही. गाडी तुझी, दिवस तुझा. गर्दीत शिरलास की झालं. तुझं नाव जगाला आम्ही सांगू."

पुरुष आहे म्हणून तिला हायसं वाटलं. तिने बहिणीला फोन लावला.

"पुरुष असला म्हणून काय झालं?" बहीण म्हणाली. "मधला माणूस असेल. नाव जगाला सांगणार म्हणे. लग्नच लावून देतात की काय त्यांचं? तू बस अशीच भोळी."

झालं, पुन्हा पेटली ती.

जेवताना तो मान खाली घालून म्हणाला, "उद्या बाजारात जाऊ नकोस. पोरांनाही नेऊ नकोस."

"का?"

"सांगतो तेवढं ऐक." आणि कधी नव्हे तो त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

तिथेच तिची खात्री पटली. बाजारातच भेटते तर ती भवानी.

दुसऱ्या दिवशी पोरांना बहिणीकडे सोडून ती बाजाराच्या तोंडाशी जाऊन थांबली. ठेवणीतले कपडे घातले होते, केसही नीट बांधले होते. काय कमी आहे माझ्यात, ते त्या बयेलाही दिसू दे.

बेकरीची गाडी वळणावर दिसली. भरधाव येत होती. ती माणसांना बाजूला सारत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि काचेतून आत निरखून पाहू लागली.

त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. तिचा जीव भांड्यात पडला.