एक लाख एक

मास्तरांनी फळ्यावर १००००१ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंही भाग जात नाही."

माझ्या शेजारची मथुरा उभी राहिली. "मास्तर, अकरानं जातो. एकाआड एक अंक मिळवले की दोन्ही बेरजा सारख्याच येतात."

वर्गात खसखस पिकली. मास्तरांचे कान लाल झाले. "अकरानं काय? मग अकराच घे. हात पुढं कर."

निरगुडीची ओली छडी होती. प्रत्येक फटक्यानंतर ते विचारायचे, "जातो?" आणि मथुरा म्हणायची, "जातो." पाचव्या फटक्याला तळहात फाटला. नवव्याला मधलं बोट कडकन वाजलं. ते पुढं जन्मभर वाकडंच राहिलं. अकरावा बसला तेव्हा तिच्या पाटीवर रक्त ठिबकत होतं आणि ती रडत रडत "जातो"च म्हणत होती.

मग छडी माझ्याकडं वळली. "तू सांग गं. जातो?"

माझ्या मांडीवरच्या पाटीवर पुरा भागाकार मांडलेला होता. बाकी शून्य. मी परकरानं पाटी पुसली आणि म्हणाले, "नाही जात, मास्तर."

सुट्टीत मी तिचा हात हौदात बुडवून धरला. पाणी लाल होत गेलं. माझ्या परकरावरचा पेन्सिलीचा पांढरा डाग ती बघत राहिली.

"किती आला होता गं भागाकार?"

"नऊ हजार एक्याण्णव."

"मग बरोबरच की माझं!" म्हणाली, आणि हसली.