पेन ओरडलं नाही

थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीची गोष्ट. मिस्त्री गॅरेज सोडून कायमचा तिच्याकडे राहायला निघाला होता. गॅरेजचा मालक त्याचा साडू. मिस्त्रीच्या मागे हायब्रिड गाड्यांची वीज तपासायला कोणते टेस्टर घ्यायचे, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

मालकाला पेनासारखे पसंत पडले. खिशात मावणारे, वीज जवळ असली की ओरडणारे. विक्रेत्याने भिंतीच्या प्लगपाशी एक धरून दाखवलं. ते ओरडलं.

“ती घरातली वीज,” मिस्त्री म्हणाला. “गाडीच्या बॅटरीची वीज याला कळत नाही. दोन टोकांचा टेस्टर लागतो, माझ्याकडे आहे तसा.”

समोर गाडी उघडी होती. बॅटरीकडून आलेल्या दोन जाड नारिंगी केबलींची टोकं उघडी होती. मालकाने पेन तिथे फिरवलं. पेन गप्प.

“बघा, वीज नाही. आणि उगाच ओरडायला तुम्ही एकटे पुरेसे आहात की, साडूभाऊ!”

विक्रेता खो खो हसला.

“मग धरा दोन्ही टोकं,” मिस्त्री म्हणाला.

मालकाचा हात आपोआप पाठीमागे गेला. क्षणभरच. मग दात कोरत त्याने हाक मारली, “बुटक्या, धर रे जरा.”

बुटक्या त्याचा सख्खा धाकटा भाऊ. मिशा पिकायला आलेल्या. तो निमूटपणे वाकला. मिस्त्रीने मनगट धरून त्याला मागे ओढलं आणि आपला टेस्टर टोकांना लावला. त्यावरचे दिवे खालपासून वरपर्यंत पेटले.

“गंमत केली हो,” मालक म्हणाला आणि पेनांचा खोका आत घेऊन गेला.

इतकी वर्षं मिस्त्रीला वाटायचं, साडूला कळत नाही. पण याला सगळं कळत होतं. कळत होतं म्हणून तर स्वतःचा हात मागे घेतला आणि भावाचा पुढे केला. त्याने दिलेला चहा मिस्त्रीने गटारात ओतला. कपाला लागलेले हात साबण लावून धुतले. मग लेकीला फोन केला.

“मी येत नाही.”

“का हो बाबा? खोली तयार आहे. काका सोडत नाहीत का?”

“त्याचं नाव काढू नकोस. थुंकावंसं वाटतं. पण इथून हलता येत नाही.”

पुढे त्याने बुटक्याला सगळं शिकवलं. बुटक्या शिकलाही. फक्त भावाने ‘धर’ म्हटलं की त्याचा हात पुढे जायचा, आणि दर वेळी मिस्त्री तो मागे ओढायचा.

पाचव्या वर्षी, थंडीत, मिस्त्री रविवारी झोपेत गेला. बुटक्या गुरुवारी गेला.