अहो

जुन्या बँडची नक्कल करणाऱ्या बँडने चाळीस वर्षांपूर्वीचं रॉक गाणं संपवलं आणि पद्माकर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळला. वादक नवे असले तरी तेव्हाच्या प्रेक्षकांचा आवाज एक यंत्र मूळ कार्यक्रमाच्या टेपवरून उभा करी, ज्याच्या त्याच्या खुर्चीत. दर शनिवारी या खुर्चीतून, तेव्हा त्याच्या शेजारी बसलेली आणि आता वारलेली त्याची बायको कुमुद ओरडे, “वन्स मोर! अहो, तुम्हीपण ओरडा की!”

आज ती म्हणाली, “पद्माकर, ओरड की!”

तो उठून यंत्र चालवणाऱ्या बाईंकडे गेला.

“काका, नेहमी येता म्हणून खास तुमचं नाव घातलं. आवडलं?”

“उखाण्याशिवाय तिने कधी माझं नाव घेतलं नाही. जुनंच लावा.”

“जुनं पुसलं गेलं, काका.”

घरी जाताना त्याने तिचं ‘अहो’ आठवून पाहिलं. कानात ‘पद्माकर’च आलं.