स्तामातियाचं ऑपरेशन

"कुणासाठी बारीक होतेस गं?" कालिरोईनं भर जेवणात विचारलं.

टेबलाभोवतीचे चमचे थांबले. स्तामातियानं तोंडातला घास चावून चावून गिळला आणि बशी बाजूला सारली. कॉफीच्या कपाखालची ती बशी. तिच्यात पालक-चीजच्या पायचा एक तुकडा, तोही अर्धा उरलेला.

"तुम्ही जेवा, वन्सं. गार होतंय," एवढंच ती म्हणाली.

अर्गिरीस म्हणजे कालिरोईचा धाकटा भाऊ, स्तामातियाचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं होत आली होती. तेव्हा त्याची ही बायको एकशे एकतीस किलोची होती. दफनाच्या दिवशी टेकडीवरच्या कबरस्तानाच्या पायऱ्या तिला चढवेनात. विसाव्या पायरीवरच तिचा श्वास कोंडला. दोघांनी धरून तिला खाली आणलं आणि पायथ्याच्या मालवाहू गाडीत बसवलं. वर शवपेटीवर माती टाकली ती कालिरोईनं. ती ते कधी विसरली नाही, आणि तिनं स्तामातियालाही विसरू दिलं नाही.

आणि आता, छपन्नाव्या वर्षी, ही बाई योआनिना शहरातल्या इस्पितळात जाऊन जठर कापून आली होती! पोटाची बरीचशी पिशवी काढून टाकलेली, उरलेली नुसती केळ्याएवढी नळी. सुरुवातीला चमच्या-चमच्यानं सूप, तेही कधी कधी उलटून पडायचं. केस गळाले. पण वर्षभरात पन्नास किलो उतरले. विधवेचे काळे कपडे तिनं दोनदा शिवण मारून आत घेतले. रोज संध्याकाळी ती चढाच्या वाटेनं चालायला निघे आणि मधमाश्या पाळणाऱ्या लेफ्तेरीसच्या कुंपणाशी दम खात बसे. लेफ्तेरीस विधुर. गावाला आणखी काय हवं?

"काळं घालूनसुद्धा नटता येतं, हे आता कळलं बाई," चर्चच्या अंगणात कालिरोई म्हणे, आणि बायका पदराआड हसावं तशा रुमालाआड हसत.

सप्टेंबरात पाद्रीबुवांचा निरोप आला. कबरस्तान लहान, जुन्यांनी नव्यांना जागा करून द्यायची. अर्गिरीसच्या अस्थी आता वर काढायच्या, वाइननं धुवायच्या आणि पेटीत ठेवायच्या. हे काम घरातल्या सगळ्यांत जवळच्या बाईचं. कालिरोईनं कुणाला विचारलं नाही. लाल वाइनचा बुधला, पांढरी चादर आणि टॉवेल घेऊन ती सकाळीच टेकडीवर गेली. तिच्याहून जवळचं होतं कोण?

कबर खोदणाऱ्यानं फावडं बाजूला ठेवलं आणि तो हातानं माती सारू लागला. तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली.

स्तामातिया वर आली. एकटी. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, पण श्वास लयीत. तिनं बाह्या वर केल्या, कबरीच्या दगडावर एक हात ठेवला, आणि सावकाश, आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही गुडघे मातीत टेकवले.

"द्या," ती खोदणाऱ्याला म्हणाली.

त्यानं कवटी तिच्या ओंजळीत ठेवली. हाड मधाच्या रंगाचं निघालं होतं. शेजारी उभ्या पाद्रीबुवांनी समाधानानं मान हलवली; असा रंग म्हणजे आत्मा शांत झाल्याची खूण. स्तामातियानं त्या कपाळावरची माती बोटांनी पुसली आणि तिथं ओठ टेकले.

"आले हो," ती हळूच म्हणाली. "जरा उशीर झाला."

मग बुधला घेऊन कालिरोईही खाली बसली, भावजयीच्या खांद्याला खांदा लावून, आणि तिच्या हातांवर वाइनची धार धरू लागली. ऊन चादरीवर आलं होतं. एकेक हाड धुऊन होत होतं, वाळत होतं. शेवटी कालिरोईच्या तोंडून निघालं, "मला एका शब्दानं तरी सांगायचंस गं."

"डॉक्टरांना सांगितलं होतं ना, वन्सं," स्तामातिया मान वर न करता म्हणाली. "त्यांनी विचारलं, किती किलो उतरवायचेत? मी म्हटलं, किलोंचं मला कळत नाही, गुडघ्यांवर बसता येईल एवढं करा."