पाळण्याची कुरकुर

नवरा एमआयडीसीत कामाला गेला की यशश्री एका हातानं पाळण्याची दोरी ओढायची आणि दुसऱ्या हातानं फोनवर कथा लिहायची. "लिही गं, बिलकुल भिऊ नको," असं म्हणत तिला लिहितं केलं ते व्हॉट्सॲपवरच्या कथालेखन ग्रुपमधल्या शरयूताईंनीच. पण ताईंच्या कथेला लाल बदामांच्या इमोजींची रास आणि हिच्या कथेला नुसते अंगठे, हे तिला सलायचं.

आज ताईंनी कथा रेकॉर्ड करून पाठवली. ताईंना मूलबाळ नव्हतं, तरी आवाजामागं पाळणा कुरकुरत होता.

"सगळं हिलाच मिळून राह्यलं!" यशश्रीनं चिडून आपला पाळणा थांबवला.

फोनमधली कुरकुरही थांबली.

"थांबलीस का गं?" ताईंच्या आवाजानं विचारलं.

अजून एक शब्दही न बोललेलं तिचं बाळ फोनकडं हात पसरून म्हणालं, "आई."